इंजिनाची ॲल्युमिनियम कव्हरं: रंगाआधीची तेलसफाई, क्रमाने

क्लच कव्हरवरच्या नव्या काळ्या रंगाला नख लावलं की त्याची साल निघते आणि खालून लख्ख धातू दिसतो. गाडी घरी रंगवणाऱ्या बहुतेकांनी हे एकदा तरी पाहिलेलं असतं. मग शिव्या डब्याला बसतात. पुढच्या वेळी महागडा डबा येतो आणि सहा महिन्यांत त्याचीही साल निघते.

डब्याला शिव्या देण्याआधी निघालेला पोपडा उलटा करून बघा. त्याला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, चिकटलेला असेल आणि खालचा धातू कोरा असेल, तर प्रायमरने धातू धरलेलाच नाही. अशा वेळी दोष जवळजवळ नेहमी सफाईचा असतो. धातूवर प्रायमर शाबूत असून फक्त वरचा रंग सुटला असेल, तर प्रायमर आणि रंग यांच्यातलं वेळेचं अंतर, वाळण्याची वेळ किंवा दोघांचं न जुळणं ही कारणं शोधावी लागतात. हा लेख पहिल्या प्रकारासाठी आहे.

इथे डोळ्यांसमोर मोटारसायकलचे भाग आहेत: क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर, बुलेटचं डावीकडचं मोठं प्रायमरी कव्हर, पुढच्या शॉकचे खालचे नळकांडे, चाकाचे हब. हेड आणि ब्लॉकच्या पंख्यांची (हवेने थंड होण्यासाठीच्या पात्यांची) सफाई याच क्रमाने होते. त्यांचा रंग मात्र उष्णतारोधक लागतो, आणि तो वेगळा विषय आहे.

## सुरुवात करण्याआधी: काय लागेल, काय नको

हे जवळ ठेवा: डिझेल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन, भांडी घासायचं द्रव साबण, नायलॉनचे ब्रश, त्यात एक जुना टूथब्रश, बांबूची किंवा प्लास्टिकची खरवडणी, २२० आणि ३२० नंबरचा वॉटर पेपर, लालसर रंगाचं घासायचं पॅड, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा गाडीच्या पेंटरकडे असतो तसा मेण-तेल काढणारा सॉल्व्हंट, नायट्राइल हातमोजे, तेही दोन-तीन जोड्या, आणि बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन. या शेवटच्या वस्तूवर लोक हसतात. ती कशासाठी ते पुढे येईलच.

फडक्यांकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. गॅरेजसाठी किलोवर मिळणारं रंगीत वेस्ट कॉटन पहिल्या टप्प्यापुरतं ठीक आहे. शेवटच्या पुसण्याला मात्र पांढरं, जुनं, अनेकदा धुतलेलं सुती कापडच हवं. कपडे मऊ करायच्या द्रवातून काढलेलं कापड घेऊ नका, कारण त्या द्रवाचा ओशट थर धाग्यात राहतो आणि सॉल्व्हंट लागताच कव्हरवर उतरतो.

आता काय नको. कॉस्टिक सोडा नको, धुण्याचा सोडा नको आणि कपड्यांची पावडरही नको. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच ही तर खोलीबाहेरच राहू द्या. ही दोन चुकून एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो आणि मग प्रश्न रंगाचा राहत नाही.

सोड्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘कॉस्टिकमध्ये रात्रभर टाक, आरशासारखं निघेल’ हा सल्ला प्रत्येक गावात कुणीतरी देतोच. लोखंडाच्या चेसिससाठी तो सल्ला चालून जातो. ॲल्युमिनियम मात्र आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. कॉस्टिकमध्ये टाकताच फेस येऊ लागतो. तो फेस मळाचा नसतो. धातू विरघळताना सुटणारा हायड्रोजन असतो, आणि तो पेट घेतो. शिवाय ही कव्हरं शुद्ध ॲल्युमिनियमची नसतात. डायकास्टिंगसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एडीसी-१२ या मिश्रधातूत साधारण १० ते १२ टक्के सिलिकॉन आणि दीड ते साडेतीन टक्के तांबं असतं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, पण सिलिकॉन आणि तांबं मागे राहतं. त्यांची काळी काजळी कव्हरवर बसते. बोटाला लागते, पाण्याने जात नाही. ती उतरवायला कारखान्यात नायट्रिक ॲसिडच्या टाक्या असतात. घरी तो उद्योग नको. त्या काजळीवर मारलेला रंग काजळीला चिकटतो, धातूला नाही.

जागा: उघडी गच्ची, अंगण किंवा दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी शेड. बाथरूममध्ये हे काम अजिबात नको. पेट्रोल आणि थिनरच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, त्या जमिनीलगत सरकतात, आणि आपल्याकडे बाथरूममध्ये गॅस गीझर असतो.

## १. धातू आणि त्यावरचा थर ओळखा

पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं की पुढचा सगळा दिवस वाया जातो.

लोहचुंबक लावा. चिकटला तर भाग लोखंडी आहे आणि हा लेख त्याला लागू नाही. नाही चिकटला तर आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, कानशीने किंचित खरवडून व्हिनेगरचा एक थेंब टाका. ॲल्युमिनियमवर काही होत नाही. लगेच बुडबुडे सुटले तर भाग मॅग्नेशियमचा असू शकतो. काही परदेशी आणि रेसिंगच्या गाड्यांची कव्हरं तशी असतात. ती बाजूला ठेवा. त्यांची प्रक्रिया वेगळी असते आणि घासताना पडणारी भुकटी भयंकर पेट घेते. कार्ब्युरेटरच्या वाटेलाही जाऊ नका. त्याचं शरीर अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, आणि तो रंगवायची गरज पडत नाही.

नंतर मल्टिमीटर घ्या. दोन्ही टोकं हलकेच कव्हरवर टेकवा. वीज वाहिली तर धातू उघडा आहे. नाही वाहिली तर वर काहीतरी थर आहे: जुना रंग, पारदर्शक लॅकर किंवा ॲनोडायझिंग (विजेने चढवलेला ऑक्साइडचा थर). पॉलिश केलेल्या कव्हरांवर कंपनीने मारलेलं पारदर्शक लॅकर हमखास फसवतं. ते दिसत नाही, आणि आपण धातू समजून त्यावरच प्रायमर मारतो. पुढे लॅकर सुटलं की त्याच्यासोबत आपला रंगही जातो. अशा लॅकरखाली गांडुळासारख्या बारीक पांढऱ्या रेषा पसरलेल्या दिसल्या, तर आत गंज शिरलेला आहे आणि लॅकर पूर्ण काढावंच लागेल.

## २. भाग पूर्ण सुटा करा

इंजिनावर बसलेलं कव्हर चांगलं साफ होत नाही. कितीही टेप लावा, सांध्यातून तेल पाझरतच राहतं. इंजिन ऑइल काढा, कव्हर उतरवा, ऑइल सील, ओ-रिंग, डॉवेल पिना, स्टड आणि ऑइल बघायची काच असेल तर तीही काढा. सील जुनी असेल तर टाकून द्या. दोन-चारशे रुपये वाचवायला ती पुन्हा बसवू नका. एवीतेवी डिझेल, सॉल्व्हंट आणि उष्णता सोसून ती फुगणार किंवा कडक होणार.

प्रत्येक बोल्ट कोणत्या भोकाचा, ते पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की कव्हरला चीर जाते.

पॅकिंगचे चिकटलेले तुकडे आता काढायचे. पटाशी, स्क्रूड्रायव्हर, ब्लेड यांचा मोह आवरा. पॅकिंगच्या जागेवर पडलेली एक खोल चीर म्हणजे कायमची तेलगळती. पॅकिंग सोडवणारा द्रव किंवा थिनरमध्ये भिजवलेलं कापड त्यावर १०-१५ मिनिटं ठेवा आणि प्लास्टिकच्या खरवडणीने हळूहळू काढा.

सावधान: ब्रेक कॅलिपर आणि ब्रेक शूच्या प्लेटला पुढचा डिझेलचा टप्पा लावू नका. कॅलिपरच्या आतली रबरं डिझेल-पेट्रोलने फुगतात. ब्रेक लायनरला तेल लागलं तर ते बदलावंच लागतं.

## ३. जाड मळ: आधी कोरडा, मग डिझेलने

चेन स्प्रॉकेटच्या बाजूला धूळ आणि ग्रीस मिळून डांबरासारखा थर झालेला असतो. तो आधी बांबूच्या पट्टीने कोरडाच खरवडा. जितका कोरडा निघेल तितकं पुढचं डिझेल कमी घाण होतं.

मग डिझेल किंवा टर्पेंटाइन. पूर्वी इथे रॉकेल असायचं; आता शहरात ते मिळणं मुश्कील. ट्रेमध्ये भाग ठेवा, ब्रशने डिझेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, घासा. पंख्यांच्या सांदीत, बोल्टच्या भोकांत, कंपनीच्या उठावदार अक्षरांच्या कडांत टूथब्रश चालवा. तारेचा ब्रश वापरू नका. लोखंडी तारेचे सूक्ष्म कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, तिथे गंजतात आणि रंगाखालून तपकिरी ठिपके वर येतात.

पेट्रोल वापरू नका. ते उणे ४० अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सोडतं, त्यात बेंझीन असतं, आणि डिझेलपेक्षा ते काही खास जास्त साफ करत नाही. फक्त लवकर उडतं. म्हणून भाग स्वच्छ झाल्यासारखा वाटतो.

इथेच पहिली मोठी चूक होते. डिझेलने धुतलेलं कव्हर चकाकतं, आणि लोक थांबतात. ती चकाकी डिझेलचीच असते. त्याने ग्रीस विरघळवलं आणि स्वतः एक पातळ ओशट थर मागे ठेवला. तो काढायचं काम साबणाचं.

## ४. गरम पाणी आणि साबण

हाताला सोसेल एवढं गरम पाणी, त्यात भांड्यांचा द्रव साबण. बादलीला दोन-तीन चमचे पुरे. भांड्यांची वडी नको, तिच्यात सोडा आणि घासणारी पूड असते. नायलॉन ब्रशने आतून-बाहेरून घासा. पाणी करडं झालं की ओतून द्या, नवं घ्या. दोन पाण्यांत निघणारं कव्हर मी फार कमी पाहिलंय. तीन धरून चाला.

ओतून द्या म्हणजे गटारात नव्हे. डिझेलचं पाणी एखाद्या जुन्या कॅनमध्ये साठवा. जुनं इंजिन ऑइल घेणारे बरेच गॅरेजवाले तेही घेतात.

मग भरपूर वाहत्या पाण्याने खळखळून धुवा. साबण काढायला साबण लावण्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. साबणाचा राहिलेला थर तेलाइतकाच घातक असतो, आणि पुढे पाण्याच्या चाचणीत तो आपल्याला फसवतोही.

तपासणी: कव्हर वाळल्यावर पांढऱ्या कोरड्या कापडाने अक्षरांच्या कडा आणि बोल्टची भोकं पुसा. कापड करडं-काळं झालं तर टप्पा ३ पासून पुन्हा.

## ५. जुना रंग आणि लॅकर

चांगला घट्ट बसलेला जुना रंग काढलाच पाहिजे असं नाही. त्यावर बारीक पॅड मारून काम होतं. पण एका जागी पोपडे आले असतील तर बाकीचाही रंग त्याच वाटेवर आहे असं समजा, आणि सगळा काढा.

पेंट रिमूव्हर घेताना डब्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी चालेल’ असं लिहिलेलं पाहा. काही रिमूव्हर कॉस्टिकचे असतात, ते नकोत. मिथिलीन क्लोराइडचे असतील तर उघड्यावरच वापरा, त्यांची वाफ बंद जागेत जीवघेणी ठरते. जाड थर द्या, वर प्लास्टिकची पिशवी पांघरा, रंग सुरकुतला की प्लास्टिकने ओढा. रिमूव्हरमध्ये मेण असतं, त्याने तो ओला राहतो. तेच मेण नंतर धातूवर उरतं. म्हणून या टप्प्यानंतर टप्पा ४ पुन्हा करायचा. हे अनेकजण विसरतात.

ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारून पृष्ठभाग साफ करणं) करून देणारा जवळ असेल तर उत्तम, पण त्याला दोन गोष्टी सांगा. एक, माध्यम ॲल्युमिनियम ऑक्साइडचं हवं. काचेच्या मण्यांनी पृष्ठभाग दिसतो सुंदर, पण दबून गुळगुळीत होतो. रंगाला धरायला खडबडीतपणा उरत नाही. आणि नदीची वाळू तर नकोच: तिची धूळ मारणाऱ्याच्या फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. दोन, त्याच यंत्रात आधी गंजलेलं लोखंड मारलं असेल तर ते माध्यम बदलायला सांगा. पॅकिंगची जागा, बेअरिंगची बैठक, आटे हे सगळं झाकूनच भाग द्या. आणि तेलकट भाग ब्लास्टिंगला कधीही देऊ नका. तेल निघत नाही, कणांसकट धातूत ठोकलं जातं.

## ६. आत मुरलेलं तेल बाहेर काढा

ओतीव भाग म्हणजे काचेचा पेला नव्हे. त्यात बारीक छिद्रं असतात आणि वीस-तीस वर्षं गरम तेलात राहिलेल्या कव्हराने ते तेल पिऊन ठेवलेलं असतं. बाहेरून कितीही पुसा; पहिल्यांदा इंजिन तापलं की ते वर येतं आणि रंगाला आतून ढकलतं. सगळ्यात जास्त तेल येतं ते बोल्टच्या भोकांभोवती आणि जिथे पूर्वी आरगॉन वेल्डिंग झालेलं आहे तिथे.

उपाय उष्णतेचा. आधी सगळा सॉल्व्हंट उडून गेलाय याची खात्री करा, भाग किमान काही तास उघड्या हवेत ठेवा. मग हीट गनने सगळीकडे सारखं फिरवत तापवा, किंवा फक्त वर्कशॉपसाठी ठेवलेल्या जुन्या ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १०० ते ११० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी नाही. गॅसची शेगडी तर नाहीच. एका जागी तापून कव्हर वाकतं आणि मग पॅकिंग बसत नाही.

तापलेल्या कव्हरवर काही जागी घाम फुटल्यासारखे डाग दिसतील. थंड होऊ द्या, सॉल्व्हंटने पुसा, पूर्ण उडू द्या आणि पुन्हा तापवा. कापड स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं. दोन-तीन फेऱ्या लागतात. भाग नवीन किंवा बाहेरच्या बाजूचा असेल, जसं फूटरेस्टचं ब्रॅकेट, तर हा टप्पा सोडून द्या.

## ७. पुसण्याची रीत, आणि मगच पेपर

सगळ्या लेखात एकच परिच्छेद वाचायचा असेल तर हा वाचा. पेपर मारण्याआधी तेल काढायचं, आणि पेपर मारल्यावर पुन्हा काढायचं. तेलकट पृष्ठभागावर पेपर मारला की प्रत्येक ओरखड्यात तेल भरलं जातं. वर पुन्हा धातूची धूळ बसते. मग कितीही पुसलं तरी ते ओरखड्याच्या तळाशी राहतं.

पुसण्याचीही रीत आहे. सॉल्व्हंट तेल नष्ट करत नाही, विरघळवून तरंगतं ठेवतो. तो उडून गेला की तेल होतं तिथेच परत बसतं. म्हणून दोन कापडं लागतात. एका हातात सॉल्व्हंटने ओलं, दुसऱ्या हातात कोरडं. वीतभर जागा ओल्याने पुसायची आणि ती ओली असतानाच कोरड्याने उचलायची. दिशा एकच, आतून कडेकडे. गोल गोल नको. प्रत्येक दोन-तीन ओढींनंतर कापडाची घडी बदलायची. ॲसिटोन इथे गैरसोयीचा ठरतो, तो इतका भरकन उडतो की कोरडं कापड पोचायच्या आत तेल पुन्हा बसलेलं असतं. उन्हाळ्यात गच्चीवर तर आयसोप्रोपिल अल्कोहोलही पळतो, त्यामुळे सावलीत काम करा.

सॉल्व्हंट वाटीत घेऊन त्यात कापड बुडवू नका. मी पहिल्यांदा बुलेटची कव्हरं केली ती अशीच, एका वाटीत सगळी. पहिल्या कव्हराचं ग्रीस वाटीत, वाटीतून दुसऱ्यावर. तिसऱ्या कव्हरला आधीच्या दोघांचं तेल मी स्वतःच्या हाताने लावलं, आणि पावसाळ्यात नेमकी त्याचीच साल निघाली. सॉल्व्हंट नेहमी बाटलीतून कापडावर ओता.

हातमोजेही बदला. नायट्राइल थिनरमध्ये आणि ॲसिटोनमध्ये फार टिकत नाही. फुगलेला, चिकट झालेला मोजा स्वतःच डाग सोडतो.

सस्त्या एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरने शेवटचं पुसू नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते डब्यावर लिहिलेलं नसतं. एक थेंब काचेवर टाकून उडू द्या. कडेला वर्तुळ उरलं तर तो ब्रश धुवायला ठेवा. गंज सोडवणारे स्प्रे, डॅशबोर्ड चमकवणारे आणि टायर काळे करणारे स्प्रे तर त्या खोलीतही मारू नका. त्यातल्या सिलिकॉन तेलाचा कण जरी बसला तरी ओला रंग तिथून मागे सरतो आणि वाटोळे खड्डे पडतात.

आता पेपर. पांढऱ्या गंजाचे खड्डे असतील तिथे २२० नंबर, बाकी सगळीकडे ३२० नंबर किंवा लालसर पॅड. पाणी लावूनच घासा. ॲल्युमिनियमची कोरडी धूळ हवेत उडणं चांगलं नाही, आणि लोखंड घासून ठिणग्या उडवणाऱ्या ग्राइंडरजवळ तर ती धोकादायक असते. ३२०च्या पुढे जाऊ नका. ८००ने घासून आरसा केला की प्रायमरला धरायला काही उरत नाही. सगळा पृष्ठभाग सारखा मंद, बिनचमकीचा दिसला पाहिजे. एखादी जागा चमकत असेल तर तिथे पेपर पोचलेला नाही, बहुधा अक्षरांच्या आत.

## ८. पाण्याची चाचणी

घासल्यावर एकदा साबणाने धुवा, भरपूर पाण्याने साबण काढा. आता कव्हर तिरकं धरून त्यावर डिस्टिल्ड पाणी ओता आणि ३० सेकंद नुसतं बघा.

धातू स्वच्छ असेल तर पाण्याचा पातळ, अखंड पडदा राहतो. तेल असेल तिथे पडदा फाटतो, पाणी मागे सरतं, थेंब होतात. ज्या जागी थेंब झाले ती जागा खडूने खुणावू नका, नुसती लक्षात ठेवा. टप्पा ७ तिथे पुन्हा.

कमळाच्या पानावर पाणी राहतं तसं दिसलं तर ती वाईट बातमी आहे. काहीजण याचा उलटा अर्थ लावतात. नव्या पॉलिश केलेल्या गाडीवर थेंब नाचताना बघायची सवय असते ना.

ही चाचणी एकाच बाबतीत खोटं बोलते: साबण राहिला असेल तर तेलावरही पाणी पसरतं. म्हणून साबण पूर्ण काढल्यावरच ती करायची, आणि शंका आली तर दुसऱ्यांदा पाणी ओतायचं. डिस्टिल्ड पाणी यासाठीही लागतं, की बोअरचं पाणी वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग सोडतं. ते डाग रंगाखाली राहिले तर ओलावा खेचतात आणि तिथे फोड येतात. कोकणात, समुद्राच्या वाऱ्यात, हा त्रास दुप्पट; तिथे धुतलेला भाग रात्रभर उघडा ठेवू नका.

या टप्प्यापासून उघड्या हाताने भागाला स्पर्श नाही. बोटाचा ठसासुद्धा तेलाचाच असतो.

## ९. वाळवणं, झाकणं, शेवटचं पुसणं

कॉम्प्रेसरने हवा मारायची असेल तर आधी तीच हवा मिनिटभर स्वच्छ आरशावर मारून बघा. आरशावर तेलाची किंवा पाण्याची वाफ जमली तर त्या कॉम्प्रेसरने तुमचं दिवसभराचं काम मिनिटात घालवलं असतं. हीट गन मंद ठेवून वाळवणं जास्त भरवशाचं. आंधळ्या भोकांत पाणी लपतं; भाग उलटा-सुलटा करून निथळू द्या.

मग टेप: पॅकिंगच्या जागा, बेअरिंग आणि सीलच्या बैठका, आटे, आणि जिथे अर्थिंगची वायर बसते तो बिंदू. तो रंगला तर हॉर्न-इंडिकेटरचे विचित्र दोष महिनाभर शोधत बसाल. टेप जिथे चुकून रंगाच्या जागेवर लागली तिथे तिचा गोंद राहतो, म्हणून झाकणं नेहमी शेवटच्या पुसण्याच्या आधी. टेप लावून झाली की नवे हातमोजे, नवी पांढरी कापडं आणि दोन कापडांच्या रीतीने एकदा सगळं. १०-१५ मिनिटं उडू द्या.

वापरलेली सॉल्व्हंटची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात ठेवा.

## १०. घड्याळ सुरू झालं

ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर क्षणात येतो, तो कुणी थांबवू शकत नाही. सुरुवातीला तो फक्त काही नॅनोमीटरचा असतो, घट्ट असतो आणि प्रायमरला चालतो. पण वेळ जाईल तसा तो ओलावा, धूळ आणि स्वयंपाकघरातून येणारी फोडणीची वाफही धरत जातो. म्हणून घासल्यापासून प्रायमरपर्यंत शक्यतो एक-दोन तास. चार तासांच्या पुढे गेलात तर पॅड आणि पुसणं पुन्हा. आज साफ करून रविवारी रंगवू, हा बेत बाद.

हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. भाग हवेपेक्षा थंड असेल तर त्यावर न दिसणारं दव असतं. पावसाळ्यात मुंबई-रत्नागिरीकडे हे काम करायचंच असेल तर भाग किंचित कोमट करून घ्या.

प्रायमर कोणता, यावर इथे एवढंच: रेड ऑक्साइड नको. तो लोखंडासाठी आहे, आणि तरी हार्डवेअरवाला पहिल्यांदा तोच काढून देतो. ॲल्युमिनियमसाठी एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लाने धातू किंचित कोरून धरणारा, किंवा दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर. एच प्रायमर अगदी पातळ मारायचा, इतका की खालचा धातू अंधुक दिसत राहील. जाड मारला की त्यातलं आम्ल अडकून राहतं आणि तो आतून कुजतो. एच प्रायमरवर एपॉक्सी किंवा पुट्टी चालते का, ते त्याच कंपनीच्या कागदावर वाचा. अनेकदा चालत नाही.

पहिला हात मारताना खड्डे पडू लागले तर त्यावर दुसरा हात देऊन बुजवायचा प्रयत्न करू नका. ओला प्रायमर लगेच थिनरने पुसून काढा आणि टप्पा ७ वर परत जा. वाळल्यावर हेच करायला अर्धा दिवस लागतो.

शेवटची तपासणी: कव्हरांसोबत एक टाकाऊ ॲल्युमिनियमचा तुकडा सगळ्या टप्प्यांतून न्या, गॅरेजमध्ये फुटलेलं कव्हर मागितलं तर फुकट मिळतं. त्यावरचा प्रायमर डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका पूर्ण वाळू द्या. मग ब्लेडने धातूपर्यंत उभ्या-आडव्या रेषा मारून चौकटी करा, रुंद चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्याने ओढा. पट्टीवर काही आलं नाही तर वरचा रंग मारायला घ्या. चौकटी उचलून आल्या, तर कव्हरांवरचाही प्रायमर काढा आणि टप्पा ४ पासून सुरू करा.